टंचाईची वाटणी : पांझरेचा फड आणि आजचं खोरं

उन्हाची तिरीप वाढली की गिरणाकाठी एकच विचारणा सुरू होते: कालव्याचं आवर्तन कधी सुटणार? गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात, आणि त्याचं लाभक्षेत्र बव्हंशी आपल्या जळगाव जिल्ह्यात. त्याच्याही वर चणकापूर, हरणबारी, केळझर, पुनद ही धरणं आहेत. १९६९ साली गिरणा धरण पूर्ण झालं, तेव्हापासून चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याचा शेतकरी त्याच्या साठ्याच्या टक्केवारीकडे डोळे लावून बसतो. साठा शंभर टक्के असला की भांडण नसतं. माझा आजचा विषय साठा तीस टक्क्यांवर येतो त्या वर्षाचा आहे. पाणी कमी आहे हे ठरल्यावर कमी कोणाचं करायचं?

याचं उत्तर खानदेशानं एकदा शोधलं होतं, आणि ते कागदावर नव्हतं, शेतात होतं. साक्री तालुक्यात सह्याद्रीच्या डोंगरांतून निघणारी पांझरा धुळ्यातून वाहत मुडावदला तापीला मिळते. या नदीवर आणि पलीकडे मोसम-आरम नद्यांच्या काठावर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीत बिनदाराचा दगडी बंधारा, त्याच्या बाजूनं काढलेला पाट, पाटातून चाऱ्या, आणि खाली भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजेच फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात खरिपाचं पीक, तिसऱ्यात रब्बीचा गहू-हरभरा, आणि पुढच्या वर्षी पाळी फिरते.

आता यातली खरी करामत बघा. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात एकगठ्ठा नसायची. प्रत्येक फडात त्याचा थोडाथोडा तुकडा असायचा. पाऊस ओढला, नदीची धार बारीक झाली, तर गावानं एक फड कोरडा ठेवायचा. त्या फडात पाटलाचाही तुकडा असे आणि लहान कास्तकाराचाही. म्हणून नुकसान सगळ्यांना आपापल्या हिश्श्यानं सोसावं लागे. शेपटाकडच्या माणसाला वरच्याची दया मागावी लागत नसे. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. मालकानं रात्रीबेरात्री फावडं घेऊन चारीवर उभं राहायचं नाही. पिकाची राखण जागल्या करी, दोघांवर हवालदाराची नजर असे. त्यांचा मोबदला पूर्वी धान्यातून मिळे. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस येई. वरच्या फडांतून मुरलेलं पाणी पाझरून पात्रात उतरे, तेच खालच्या बंधाऱ्याच्या कामी येई.

१८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागलेले तरुण अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या लवकरच खानदेशात आले. दातर्तीचा नळीचा सायफन त्यांनी इथेच बांधला. पुढे नीरा कालव्यासाठी त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. क्षेत्र आधी बांधून घ्यायचं, पिकं फिरवत ठेवायची, हा तिचा गाभा. पांझरेकाठच्या फडाची छाया मला तिच्यात स्पष्ट दिसते.

फडाची आरती ओवाळायला मात्र मी उभा नाही. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचा पाण्यावर हक्क नव्हता. भूमिहीन माणूस गाळ काढायला येई, पण वाटणीच्या बैठकीत त्याला बोलावणं नसे. पाट ज्यांच्या रानापर्यंत पोचत नसे ती कुटुंबंही बाहेरच राहिली. वाटणीचा नियम पुन्हा आणायचा असेल तर हे दोष जागेवर ठेवून आणता येणार नाही.

मग हा नियम ढासळला कशानं? आळशीपणानं नव्हे. विहिरीवर वीजपंप बसला आणि ज्याच्याकडे विहीर त्याला फडाची गरज उरली नाही. विहीर मात्र भरते त्याच पाटाच्या पाझरानं आणि त्याच नदीच्या पाण्यानं. पांझरेच्या खोऱ्यात लाटीपाडा, मालनगाव, अक्कलपाडा अशी धरणं झाली, आणि नदी कधी वाहायची हे बंधाऱ्यावरच्या गावाच्या हातून निसटलं. पिण्याचं पाणी शहराला आधी, हे योग्यच आहे. धुळे शहर नकाणे तलाव, तापी आणि अक्कलपाड्यावर तहान भागवतं. पण शहराच्या गळक्या नळवाहिनीचा हिशेब शेतकऱ्यासमोर कधीच मांडला जात नाही.

ठिबकबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण आपला जिल्हा त्यासाठी देशभर ओळखला जातो. ठिबकनं केळीच्या बुडाशी पाणी वाचतं, हे खरंच. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारचं दोन एकर रान भिजवलं, तर खोऱ्याच्या हिशेबात काय उरलं? यावल-रावेरच्या खोल जाणाऱ्या कूपनलिका हेच सांगतात. क्षेत्राला मर्यादा घातली तरच ठिबकची बचत नदीपर्यंत पोचेल.

महाराष्ट्रात २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचं व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. पाणी वापर संस्थेला मोजून पाणी मिळावं, आतली वाटणी तिनं करावी, ही त्यातली चांगली तरतूद. पण संस्थेची हद्द चारीशी संपते. शेजारची विहीर, वरचं धरण, खालचं शहर तिच्या वहीत येत नाहीत. म्हणून माझी मागणी मोजकी आहे. १५ ऑक्टोबरचा साठा पाहून वर्षाचं नियोजन होतं आणि कालवा सल्लागार समिती बसते. त्या बैठकीत आवर्तनांच्या तारखांच्या आधी तुटीची वाटणी ठरवा. साठा साठ टक्के असेल तर ऊस किती कमी, चाळीस असेल तर कोणतं क्षेत्र कोरडं, शहरानं गळती किती आवरायची, लाभक्षेत्रातल्या विहिरींनी किती उपसायचं, हे गावागावांच्या चावडीवर लिहून लावा. भूमिहीनांच्या आणि गुरांच्या पाण्याची ओळ त्यात पहिली असू द्या. पेरणीआधी हे कळलं तर शेतकरी गव्हाऐवजी हरभरा घेईल. मार्चमध्ये कळलं, तर त्याच्या हातात उभं पीक आणि बँकेचा हप्ता असेल.