थडग्यातले डोळे
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज मी आपल्याला मिसर देशातील एका घाबरगुंडीची हकीकत सांगणार आहे. आपल्यापैकी ज्यांनी बोटीवर नोकऱ्या केल्या त्यांनी सुएझचा कालवा पाहिला असेल. तो १८६९ मध्ये खुला झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, कैरोच्या दक्षिणेस मैदूम येथे एका प्राचीन थडग्याचे खोदकाम चालू होते. पुराणवस्तू खात्याचा प्रमुख मारिएत नावाचा फ्रेंच विद्वान होता. प्रत्यक्ष जागेवर अल्बेर दानिनोस हा गृहस्थ देखरेख करीत होता. आतली वाट भिंत घालून बंद केलेली सापडली. ती फोडल्यावर एका मजुराच्या हाती मेणबत्ती देऊन त्याला पुढे पाठवण्यात आले. तो अंधारात सरपटत गेला, मेणबत्ती वर केली, आणि पाहतो तो काय, समोर दोन जिवंत माणसे त्याच्याकडे टक लावून बघत आहेत! गडी उलटपावली जो पळाला तो बाहेर येऊनच थांबला, आणि त्याची दशा पाहून बाकीच्यांचीही गाळण उडाली.

ती माणसे म्हणजे राजपुत्र राहोतेप आणि त्याची पत्नी नोफ्रेत यांचे चुनखडी दगडाचे रंगवलेले पुतळे होते. बसलेल्या स्थितीत सुमारे चार फूट उंच. पुरुषाचा रंग तांबूस, ओठावर बारीक मिशी. बाईचा रंग फिकट, आणि टोपाच्या कडेखालून तिचे स्वतःचे केस किंचित दिसतात. साडेचार हजार वर्षे बंद खोलीत राहिल्यामुळे रंग काल लावल्यासारखे ताजे होते. पण त्या मजुराला पळवले ते रंगांनी नव्हे, डोळ्यांनी.

हे डोळे कसे केले ते ऐकण्यासारखे आहे. बुबुळाच्या जागी स्फटिकाचा तुकडा घेऊन त्याचा पुढचा भाग घासून गोलसर केलेला, आपल्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यासारखा. त्याच्या मागे काळी बाहुली. त्यामुळे प्रकाश आत शिरतो आणि चमकून परत येतो. आपण बाजूला सरकलो तर नजरही आपल्याबरोबर सरकते असा भास होतो. मेणबत्तीची ज्योत हातात हलत असेल तर मग विचारायलाच नको. विद्यार्थ्यांनो, भिंगाचा धडा तुम्ही विज्ञानात शिकता, तोच हा धडा.

आता दुसरी हकीकत. याच्या ११ वर्षे आधी, १८६० मध्ये, सक्कारा येथे मारिएतच्या मजुरांना एक लाकडी पुतळा सापडला. हातात काठी घेतलेला, पोट सुटलेला, चांगला खात्यापित्या घरचा माणूस. त्याचेही डोळे स्फटिकाचेच. पण त्याला पाहून मजूर ओरडले, "अरे, हा तर आपला शेख अल-बलद!" म्हणजे आपल्या भाषेत गावचा पाटील. त्यांच्या पाटलाचा चेहरा हुबेहूब तसाच होता म्हणे. त्या पुतळ्याचे खरे नाव काअपेर, परंतु जग आजही त्याला शेख अल-बलद म्हणूनच ओळखते. त्याच देशाचे मजूर, तसलेच डोळे. एकीकडे पळापळ झाली, दुसरीकडे ओळख पटली. डोळा आधी घाबरतो, अक्कल मागून येते. मध्ये किती वेळ जातो एवढाच प्रश्न.

हे पुतळे असे कोंडून का ठेवले होते? मेलेल्या माणसाचा प्राण त्या पुतळ्यात येऊन राहतो आणि पुढे ठेवलेला नैवेद्य घेतो, अशी त्या लोकांची समजूत होती. अशा बंद खोलीला विद्वान मंडळी 'सरदाब' म्हणतात. उर्दू जाणणाऱ्यांना शब्द परका नाही. सरदाब म्हणजे गारव्याचे तळघर. सक्काऱ्याला राजा जोसेरच्या सरदाबाला भिंतीत दोन भोके आहेत. प्रवासी भोकाला डोळा लावतो आणि आतून राजा त्याच्याकडे पाहत असतो. १९२४-२५ च्या सुमारास सापडलेला मूळ पुतळा कैरोच्या संग्रहालयात गेला. आत बसला आहे तो नक्कल. तरी दचकायला होतेच.

काही पालक विचारतील, "सर, पुतळ्यांच्या गोष्टी आमच्या मुलांना कशाला?" प्रश्न रास्त आहे. पूजा करणे वेगळे आणि मागच्या लोकांच्या खुणा वाचणे वेगळे. पृथ्वीवर फिरा आणि आधीच्यांचे काय झाले ते पाहा, ही शिकवण आपल्याला कुरआन शरीफनेच दिली आहे. अब्दुल लतीफ अल-बगदादी हे हकीम सुमारे १२०० साली कैरोत होते, अल-अजहरमध्ये शिकवीत. पिरॅमिडजवळच्या सिंहदेही पुतळ्याला अरब लोक 'अबुल हौल' म्हणतात, म्हणजे भयाचा बाप. अब्दुल लतीफ यांनी त्याच्यासमोर उभे राहून काय केले? नाक, कान, डोळे यांचे प्रमाण न्याहाळले आणि एवढ्या प्रचंड चेहऱ्यात ते कसे साधले याचे नवल लिहून ठेवले. पुढे दुष्काळात माणसे मेली, हाडांचे ढीग पडले. तिथेही त्यांनी दोन हजारांवर कवट्या तपासल्या आणि खालचा जबडा दोन हाडांचा असतो हे जालीनूस हकिमाचे मत चूक ठरवले. तो एकसंध असतो.

आपल्याकडे मूल अंधारात दचकले, ताप आला, की आपण ताबडतोब तावीज आणतो. मी कोणाच्या श्रद्धेची चेष्टा करीत नाही. पण दुसऱ्या दिवशी कंदील घेऊन त्याच जागी मुलाला नेणारे अब्बा मी फार थोडे पाहिले.

मला जास्त लागते ती गोष्ट वेगळी आहे. मैदूमच्या शोधाबरोबर नावे आली ती मारिएत आणि दानिनोस यांची. मेणबत्ती घेऊन पुढे गेलेला 'एक मजूर'च राहिला. त्याच सुमारास कैरोत ब्रुग्श या जर्मन विद्वानाच्या हाताखाली प्राचीन लिपी शिकवणारी छोटी शाळा निघाली होती. १८५१ मध्ये जन्मलेले अहमद कमाल तिथे शिकले. पण या मुलांना पुराणवस्तू खात्यात घेण्याची मारिएतची तयारी नव्हती. शाळा काही वर्षांत बंद पडली. कमाल यांनी शिक्षकाची, भाषांतराची नोकरी केली आणि १८८१ मध्ये मारिएत वारल्यावर त्यांना खात्यात प्रवेश मिळाला. पुढे त्यांनी प्राचीन मिसरी भाषेचा अरबी अर्थांसह २२ खंडांचा कोश स्वतःच्या हाताने लिहिला. म्हातारपणी खात्याच्या फ्रेंच प्रमुखाने त्यांना ऐकवले की तुमच्याशिवाय मिसरी लोकांना या विद्येत गोडी नाही. कमाल यांनी विचारले, इतक्या वर्षांत तुम्ही आम्हाला संधी कोणती दिलीत? १९२३ मध्ये ते वारले.

त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी सलीम हसन यांनी सुरुवातीला शाळेत इतिहास शिकवला. त्यांनी १९२९ पासून गिझा येथे खोदकाम चालवले, आणि १९३६ च्या सुमारास अबुल हौलच्या भोवतालची वाळू उपसण्याचे काम हाती घेतले. त्या वेळी मेणबत्ती कोणाच्या हाती होती आणि दगडावरचा मजकूर कोण वाचत होते, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी विचारतो.