दोन गुणांचा प्रश्न



नववीत बाईंनी फळ्यावर दोन पेशी काढल्या होत्या. वनस्पतीच्या पेशीला भित्तिका, प्राण्याच्या पेशीला नाही. ‘फरक लिहा’, दोन गुण, म्हणून मी ते पाठ केलं. पुढे इंजिनिअरिंगला गेले, जीवशास्त्र सुटलं.

गेल्या वर्षी मुलीला न्यूमोनिया झाला. १९२८ साली फ्लेमिंगला बुरशीत सापडलेल्या पेनिसिलिनच्याच घराण्यातलं औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, “हे औषध वाढत्या जिवाणूला पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही. मग पाणी आत शिरून तो फुटतो. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, म्हणून त्या वाचतात.”

दवाखान्याच्या बाकड्यावर मला आपला फळा आठवला. मुलगी बरी झाली. बाई, त्या दोन गुणांची किंमत तेव्हा कळली.