हात आणि हत्यार



या व्यासपीठावर विद्वान मंडळी येतात. मी सातवीपर्यंत शाळा पाहिलेला माणूस. पुढचे शिक्षण झाले ते सरकीच्या पोत्यांवर आणि वाचनालयाच्या बाकावर. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, “संगणकावरच्या खेळांत कसब मोठे की साधन मोठे?” ते क्षणभर गप्प राहिले. हा मनुष्य हमालीच्या दरांवर किंवा किमान वेतनावर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. ती अगदीच चुकीची नाही. मी बोलणार आहे तो कामगाराचाच प्रश्न. फक्त त्याकडे जाण्याची वाट आज जरा निराळी आहे.

माझा एकोणीस वर्षांचा पुतण्या आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तो ताट बाजूला सारून संगणकापुढे बसला होता. एकाएकी त्याने कानावरचा हेडफोन काढून गादीवर आपटला. मी विचारले, “काय झाले रे?” म्हणाला, “काका, हाकलले. माझा आकडा कमी पडला.” मी म्हटले, “म्हणजे तुला खेळता येत नाही?” तो म्हणाला, “येते हो. पण आत घेतील तेव्हा दिसेल ना!” बंधूंनो, त्या उत्तराने माझी झोप उडाली. का उडाली, ते मी पुढे सांगणार आहे. आधी हा आकडा म्हणजे काय, ते मी त्याच्याकडून आठ-दहा रात्री बसून समजून घेतले, तेवढे सांगतो.

प्रथम एक खुलासा. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ बंद करणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. मी त्या खेळांविषयी बोलत नाही. हे खेळ निराळे. यांत देशोदेशीची माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी एका काल्पनिक जगात उतरतात. २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाचा असा एक खेळ निघाला आणि जगभर पसरला. त्यात एखाद्या महाबलाढ्य राक्षसावर चालून जायचे तर दहा, पंचवीस, आरंभीच्या काळात चाळीससुद्धा माणसांची टोळी लागे. कामाची वाटणी कारखान्यासारखीच. एकाने ढाल धरून मार अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने जखमा भरायच्या, बाकीच्यांनी वार करायचे. प्रत्येकाच्या अंगावर चिलखत, शिरस्त्राण, तलवार, अंगठ्या असा सरंजाम असतो; त्याला ही मुले ‘गिअर’ म्हणतात. प्रत्येक नगाला बळाचा एक आकडा असतो. पुढे खेळाडूंनीच एक जोडयंत्रणा काढली. ती अंगावरच्या सगळ्या सरंजामाची गोळाबेरीज करून एकच आकडा दाखवू लागली. मग टोळीचा म्होरक्या जाहिरात देऊ लागला : अमुक आकडा असेल त्यानेच यावे.

आता गंमत पाहा. हा उत्तम सरंजाम मिळतो कोठे? तर त्याच राक्षसाला मारल्यावर. म्हणजे राक्षस मारायला सरंजाम हवा, आणि सरंजाम हवा तर राक्षस मारायला हवा! ‘अनुभव असलेला माणूस पाहिजे’ अशी पाटी वाचून दारातून परतलेली मुले या सभेत पुष्कळ असतील. त्यांना हे कोडे नवीन वाटू नये.

म्हणून माझ्या पुतण्यासारखी मुले म्हणतात, सरंजाम हे थोतांड आहे, खरे ते कसब. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. राक्षस जमिनीवर आग ओकतो. तेथून निमिषात बाजूला व्हावे लागते. सोन्याचे चिलखत घालून आगीत उभा राहणारा गडी टोळीला घेऊन बुडतो, आणि साध्या चिलखतातला सावध गडी शेवटपर्यंत टिकतो. शिवाय काही खेळांत सरंजाम रोख पैसे मोजून मिळतो. तेथे तो आकडा खेळाडूचे बळ मोजत नाही, बापाचा खिसा मोजतो.

परंतु मी आयुष्यभर वाटाघाटी केलेला मनुष्य आहे. समोरच्याची बाजू नीट ऐकल्याशिवाय मागणी लिहू नये, हे मी ठेचा खाऊन शिकलो. म्हणून मी पुतण्याला विचारले, “तो म्होरक्या अगदीच मूर्ख आहे का?” पोराने प्रामाणिकपणे उत्तर दिले, “नाही.” पुष्कळशा लढायांना मुदत असते. ठरावीक मिनिटांत राक्षस पडला नाही तर तो पिसाळतो आणि सगळ्यांना संपवतो. हातातली तलवारच बोथट असेल, तर कितीही चपळ हात त्या मुदतीत काम पुरे करू शकत नाही. सरंजामाची एक किमान पातळी असते आणि ती हिशेबाने ठरते. त्या पातळीखाली कसबाच्या गोष्टी सांगणे म्हणजे माणसाला रिकाम्या हातांनी विहीर खणायला लावण्यासारखे आहे. पण म्होरक्या त्या हिशेबापाशी थांबत नाही. पातळी शंभराची असली की तो दीडशे मागतो. का मागतो? कारण त्याच्यापुढे उभे असलेले चोवीस जण अनोळखी असतात. एकाच्या चुकीने चोवीसांची संध्याकाळ वाया जायची. कसब डोळ्यांना दिसत नाही, आकडा दिसतो. म्हणून तो आकड्याला धरून बसतो.

कोणी म्हणेल, सर्वांना सारख्या पायरीवर उभे केले की भांडण मिटले. तसेही खेळ आहेत. पबजी २०२० च्या सप्टेंबरात सरकारने बंद केला; त्याआधी आपल्या रिसोड-मानोऱ्याच्या पारापारांवर पोरे तो खेळत असत. पुढच्या वर्षी तो निराळ्या नावाने परत आला. त्यात शंभर जण आकाशातून उतरतात आणि सगळेच्या सगळे रिकाम्या हातांनी. हत्यार मैदानात सापडेल ते घ्यायचे. केवढी समता! पण ज्याच्या हातात स्वस्तातला मोबाईल, त्याचे चित्र ऐन वेळी अडखळते आणि यंत्र तापते; महागडा मोबाईल असलेल्याचा नेम सुरळीत बसतो. पुढच्या दाराने घालवलेली विषमता मागच्या दाराने घरात येऊन बसली. पोहण्याच्या शर्यतींतही हेच घडले. २००९ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत नव्या तऱ्हेचे चकचकीत पोषाख घालून जलतरणपटूंनी ४३ विश्वविक्रम केले. तेव्हा जागतिक संघटनेला विचार पडला की जिंकते कोण, माणूस की कापड? १ जानेवारी २०१० पासून ते पोषाख बंद झाले. म्हणजे नियम माणसेच करतात आणि माणसेच बदलतात. पण केवळ नियमाने सारे होत नाही, याचा दाखला माझ्या स्वतःच्या हातचा आहे. तो सांगताना मला आनंद होत नाही.

१९९६ सालची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एका जिनिंगमधल्या यंत्रांची दुरुस्ती निघे आणि तिच्यासाठी फिटर सुचवण्याचा अधिकार आमच्या युनियनने झगडून मिळवला होता. मी चिटणीस होतो. कारखान्याचे पाने हरवत आणि त्यांची किंमत मजुरीतून कापली जाई. हा अन्याय थांबावा म्हणून आम्हीच ठराव केला : ज्याची स्वतःची हत्यारांची पेटी असेल, त्याचेच नाव यादीत घालायचे. हेतू चांगला होता. ठरावाचा कागद माझ्याच अक्षरातला आहे.

आमच्यात एक म्हातारे मिस्त्री होते. लोखंडी सळईचे एक टोक बेअरिंगच्या घरावर आणि दुसरे कानाशी धरून ते आत काय बिघडले आहे ते सांगत; खोलून पाहिले की तसेच निघे. मी पाना धरायला त्यांच्याकडूनच शिकलो. त्या वर्षी मुलीच्या आजारपणात त्यांनी पेटी गहाण टाकली होती. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मी म्हणालो, “मिस्त्री, नियम सगळ्यांना सारखा.” त्यांनी फार वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, “बापू, हत्यारानं हाताले शिकवलं, का हातानं हत्याराले?” आणि निघून गेले. पुढे ते वीटभट्टीवर राखणीला राहिले. पुन्हा त्यांनी पाना हातात धरला नाही. दोन वर्षांत वारले.

त्या हंगामात नवी कोरी पेटी घेऊन आलेल्या दोघा गड्यांनी एकच बेअरिंग दोनदा बदलले. दोष बेअरिंगचा नव्हताच, शाफ्ट रेषेत नव्हता. म्हाताऱ्याने ते कानाने सांगितले असते. पण मी ही गोष्ट कारखान्याच्या नुकसानीसाठी सांगत नाही. मला बोचते ते वेगळेच आहे. त्या म्हाताऱ्याचे कसब मला माहीत होते. म्होरक्यापुढची माणसे अनोळखी असतात, म्हणून त्याला क्षमा आहे. माझ्यापुढे उभा होता तो माझा गुरू. मी साक्षीदार होतो, आणि मी साक्ष दिली नाही. कागद दाखवला.

म्हणून पुतण्याचे ते वाक्य मला लागले. ‘आत घेतील तेव्हा दिसेल ना!’ कसबाला दाखवायला जागा लागते, आणि जागा मिळेपर्यंत कोणीतरी त्याच्या वतीने शब्द टाकावा लागतो.

या खेळांतच याचे उत्तर सापडते, हे पाहून मला फार नवल वाटले. रोज एकत्र खेळणाऱ्यांचे तेथे संघ असतात. त्यांना ‘गिल्ड’ म्हणतात. कारागिरांच्या जुन्या संघांनाही युरोपात हाच शब्द होता. चांगल्या गिल्डमध्ये कोणी दीडशेचा हट्ट धरत नाही. नव्या पोराला जुने गडी हलक्या मोहिमांवर नेतात, मिळालेला सरंजाम आधी त्याला देतात, आणि महिन्याभरात तो बरोबरीने उभा राहतो. तेथे त्याचा हात सर्वांनी पाहिलेला असतो. ही रीत आपल्याला नवी नाही. नाशिकच्या लेण्यांतील सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या एका शिलालेखात, नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे कायमची ठेव ठेवल्याची नोंद आहे. राजाच्या जावयाने आपला पैसा कोणा एका विणकराच्या हाती दिला नाही, श्रेणीच्या स्वाधीन केला. संघाच्या शब्दाला केवढी किंमत होती ती पाहा!

आणि कोणी असे समजू नये की संघाने नुसता शब्द टाकला की भागते. खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. अंगात लाल मातीतले कसब होते. परंतु तेथील गादी आणि तेथील नियम दोन्ही परके. तरी ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. फरक केवळ गादीच्या सरावाचा होता असे मी म्हणणार नाही. चार वर्षांची अफाट मेहनत त्यामागे होती. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. एका गहाण घराने पदक आणले, आणि आमच्याकडे एका गहाण पेटीने मिस्त्री गेला. आपण खाशाबांचे पोवाडे गातो ते योग्यच आहे. पण “बघा, काही नसताना जिंकला!” असे म्हणून पुढच्या पोराला काही न देण्याची सवड आपण शोधत असू, तर ते कौतुक नव्हे, ती कंजुषी होय.

आज हा प्रश्न आपल्या दारात उभा आहे. घरपोच माल पोचवणाऱ्या तरुणाला काम हवे तर मोटारसायकल त्याची, मोबाईल त्याचा, पेट्रोल त्याचे. ज्याच्याजवळ ते नाही, तो कितीही चलाख असो, त्याचे नाव यादीत येत नाही. हत्याराची अट मुळीच नको, असे मी म्हणत नाही. राक्षसाची मुदत खरी असते. मात्र ती अट कामाच्या हिशेबाएवढीच असावी, अनोळखीपणाच्या भीतीएवढी नसावी. आणि अट घालणाऱ्याने हत्यार मिळण्याची वाटही दाखवावी.

आमच्या युनियनने तो ठराव बदलला. पण बदलायला आम्हाला आठ वर्षे लागली. आता पेट्या युनियनच्या आहेत, चार आहेत, आणि त्या नावावर लिहून दिल्या जातात. नव्या गड्याला एक दिवस काम करू देतात आणि दोन जुने गडी त्याचा हात पाहून सही करतात. गेल्या वर्षी एक पाना हरवला. किंमत सगळ्यांनी मिळून भरली. त्यावर थोडी कुरकुर झाली, नाही असे नाही.

पुतण्याला गेल्या महिन्यात एका संघाने घेतले. त्यांनी आकडा विचारला नाही, एक संध्याकाळ बरोबर खेळायला बोलावले. तो पहिल्या फेरीतच आगीत उभा राहिला आणि मेला, असे तोच हसत सांगत होता. त्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले.

मिस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आज इतकेच सांगू शकतो की हात आधी, हत्यार नंतर; पण हत्यारावाचून हात फार दिवस हात राहत नाही. तेव्हा आपल्यापैकी ज्याच्या हाती यादी करण्याचे काम येईल, मग तो मुकादम असो, मुख्याध्यापक असो, नाहीतर माझ्यासारखा चिटणीस असो, त्याने नाव खोडण्यापूर्वी एकदा स्वतःला विचारावे : या माणसाचा हात मी पाहिला आहे काय? पाहिला असेल तर गप्प बसू नये.