नाव कॉटन, फुंकर खटाऊंची

गुरुग्रामच्या कॉल सेंटरमध्ये मी रात्री ‘सॅम’ असायचो, सकाळी घरी समीर. आपण खोटं जगतोय असं वाटायचं. मग रूडी कॉटन यांच्याबद्दल वाचलं. मूळ नाव कावसजी खटाऊ, मुंबईचे पारशी. १९४०च्या दशकात, साहेबी नाचगाण्याच्या जमान्यात, टेनर सॅक्सोफोन वाजवत त्यांनी स्विंगचा बँड चालवला. फ्रँक फर्नांडसारखे गोव्याचे वादक त्यांच्याबरोबर वाजवत. ते पुढे हिंदी सिनेसंगीतात गेले. साहेब गेले, बॉलरूम ओसरल्या, बँड आटले. रूडी मात्र दिल्लीत येऊनही वाजवतच राहिले. नाव बाजारासाठी असेल. फुंकर स्वतःचीच होती. आता कुणी ‘सॅम’ म्हटलं तरी मला चालतं. काम समीरचंच असतं.