मुलांच्या हाती लोकर आणि सुया



बँकेत दिवसभर आकडे जुळवणाऱ्या कारकुनाने विणकामावर काय बोलावे, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. मी विणकाम आईकडून शिकलो. आज मात्र स्वेटरविषयी बोलणार नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला पहिला चौकोन विणायला कसे शिकवावे, एवढाच माझा विषय आहे. त्यात आग्रह एकच : तो चौकोन त्याचाच असावा.

शाळेतल्या कार्यानुभवाचे घरोघरी काय होते, हे आपण जाणता. आदल्या रात्री आई वस्तू करून देते, नाहीतर बाजारातून तयार येते. मुलाला गुण मिळतात, हात मात्र कोरेच राहतात.

दुसरी अडचण, 'हे मुलींचे काम' ही समजूत. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 नंतर, अमेरिकेतील शाळांतून ज्युनियर रेडक्रॉससाठी मुलगे आणि मुली दोघेही लोकर विणत होते. 1919 साली जर्मनीत स्टुटगार्ट येथे कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी पहिली वॉल्डॉर्फ शाळा निघाली. त्या पद्धतीच्या शाळांत आजही लहान वयातच मुलगे-मुली एकत्र बसून विणकाम शिकतात. तेव्हा आपल्या मुलग्यांनी लाजण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. लोकर फिक्या रंगाची, गुळगुळीत घ्यावी. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाकाच दिसत नाही. पंचवीस ग्रॅमचा एक गुंडा पुरतो. सुया आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटर जाडीच्या, आणि शक्यतो बांबूच्या. स्टीलच्या सुईवरून टाके घसरतात. (आपल्याकडच्या जुन्या क्रमांकात नंबर वाढला की सुई बारीक होते. मुलांना याची फार गंमत वाटते.)

पहिले चोवीस टाके मोठ्याने सैलसर घालून द्यावेत. टाके घालणे हे विणण्यापेक्षा अवघड आहे. सुरुवातीलाच त्यात अडकले की मूल कंटाळते. मग फक्त सुलट टाका शिकवावा. त्याच्या चार हालचाली आहेत : सुई आत, धाग्याचा वळसा, सुई बाहेर, टाका सोड. मुलाने हे मोठ्याने म्हणत विणावे. उजव्या हाताच्या मुलाच्या शेजारी बसावे. डावखुऱ्याला जमत नसेल तर समोर बसावे, म्हणजे आरशात पाहिल्यासारखे त्याला उचलता येते. एका वेळी वीस मिनिटे पुरेत. मुले धागा घट्ट ओढतात, टाके आवळतात, मग सुईच आत शिरत नाही. अशा वेळी रागावू नये, हात सैल सोडायला सांगावे.

प्रत्येक ओळ संपली की टाके मोजायचे, हा नियम मात्र पक्का ठेवावा. आम्ही संध्याकाळी रोकड जुळवतो, तसाच हा प्रकार. चोवीसचे तेवीस झाले तर टाका गळला आहे. क्रोशाच्या सुईने तो वर उचलून घेता येतो. पंचवीस झाले तर बहुधा ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे गेला आणि एका टाक्याचे दोन दिसू लागले. धागा खाली, समोर ठेवून सुरुवात केली की हे टळते.

सर्व ओळी सुलट विणल्या की दर दोन ओळींना एक उठावाची रेघ तयार होते. चोवीस टाके आणि चोवीस रेघा, म्हणजे अठ्ठेचाळीस ओळी झाल्या की जवळजवळ चौकोन होतो. बाजू साधारण साडेचार इंच. टाके बंद करावेत, चौकोन मधोमध दुमडावा, मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईने दोन्ही कडा शिवाव्यात, वर एक बटण लावावे. सुट्या पैशांची पिशवी तयार!

आमच्या वसाहतीतील एका मुलावर शाळेत 'मठ्ठ' असा शिक्का बसला होता. त्याच्या पहिल्या चौकोनाचे टाके चोवीसवरून एकतीसवर गेले. चौकोन कसला, पंखाच झाला. त्याची आई म्हणाली, "भाऊ, द्या इकडे, मी उसवून नीट करून देते." मी म्हटले, "ताई, त्याला मोजू द्या." त्याने बोट ठेवून ओळीमागून ओळ मोजली आणि टाका कुठे वाढला ती जागा स्वतःच शोधली. तिथपर्यंत उसवले, गुंडा पुन्हा गुंडाळला, आणि टाके सुईवर घ्यायला तेवढी माझी मदत मागितली. वहीतली लाल रेघ तशीच राहते. लोकर उसवली की थोडी कुरळी होते एवढेच, आणि त्याच लोकरीतून पुन्हा विणता येते. त्या मुलाला हे फार आवडले असावे, कारण पुढच्या रविवारी तो सर्वांच्या आधी येऊन बसला. त्याच्या पिशवीची एक कड आजही वाकडी आहे. ती सरळ करून देण्याचा मोह आईने आवरला, याचे श्रेय मी त्या माउलीला देतो.

पिशवी झाली की दुसऱ्या चौकोनात उलट टाका शिकवावा. चोवीस मुलांनी एकेक चौकोन विणला आणि सहा-सहाच्या चार ओळी जोडल्या, तर दीड फूट रुंद आणि सव्वादोन फूट लांब असे बाळाचे पांघरूण होते. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून गोधडी शिवत, तिचाच हा लोकरीचा अवतार. येत्या थंडीपूर्वी आपल्या मुलांकडून असे एक पांघरूण पुरे करून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. लोकर मी आणीन. सुयांची जोडी ज्याने त्याने आणावी, आणि पालकांनी मागच्या बाकावर बसावे.