चिनी भाषेचे दुसरे वर्ष
(मंडळाच्या छावणी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मुलांच्या शिक्षणाविषयी बोलण्याची आज्ञा झाली आणि आम्ही चिनी भाषेचा विषय निवडला, हे ऐकून काहींनी स्मित केले. ते योग्यच आहे. आम्ही मॅट्रिकपुढे गेलो नाही आणि चिनी अक्षर आम्हांस ओळखता येत नाही. परंतु भरलेला वर्ग कसा ओसरतो, हे आम्ही आयुष्यभर पाहिले आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या विद्यापीठात चिनी भाषा शिकते. पहिल्या वर्षी तिच्या वर्गात बसावयास जागा नव्हती. दुसऱ्या वर्षी सारा वर्ग पहिल्या दोन बाकांवर मावला. कारण उघड आहे. वर्तमानपत्र वाचावयाचे तर दोन-तीन हजार अक्षरे ठाऊक असावी लागतात. वर्षभर घोकूनही पाटी पुरती वाचता येत नाही. नवलाई संपलेली असते आणि उपयोग अद्याप आलेला नसतो. याच मधल्या ओसाड टापूत मुले गळतात.

त्यात राजकारणाचे वारे. १९३७ साली शांतिनिकेतनात चीन भवन उघडले, तेव्हाचा स्नेह १९६२ च्या युद्धात करपला. अलीकडे २०१९ च्या शिक्षण धोरणाच्या मसुद्यात शाळांत शिकवावयाच्या परकीय भाषांमध्ये चिनीचे नाव होते. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात रक्त सांडले आणि जुलैत आलेल्या अंतिम धोरणातील यादीत ते नव्हते. छावणीत राहणाऱ्यांना हे सांगावयास नको की, ज्याची सीमा आपल्या सीमेला भिडते त्याची भाषा जाणणारी माणसे स्नेहात लागतात, आणि वैरात तर अधिकच लागतात.

मग गोडी टिकावी कशी? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथे भाषा शिकले, आणि तिच्यातूनच तेथील विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले. १९४२ च्या डिसेंबरात, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच निवर्तले. त्यांना परीक्षा नव्हती. समोर रुग्ण होता. पुण्याचे प्राध्यापक पु. वि. बापट यांना वेगळी निकड होती. ‘विमुत्तिमग्ग’ या बौद्ध ग्रंथाचे पाली मूळ लुप्त झाले, चिनी भाषांतर मात्र उरले. ते वाचून त्यांनी ‘विसुद्धिमग्गा’शी त्याची तुलना केली आणि १९३७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दोघांनाही त्या भाषेतून काही आणावयाचे होते.

आपल्याला तर दूर जावयास नको. सातव्या शतकात ह्युएनत्संग पुलकेशीच्या राज्यात आला. त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार म्हणजे अजिंठा, असे विद्वान मानतात. महाराष्ट्राचे नाव त्याने चार चिनी अक्षरांत लिहिले. त्याचा ग्रंथ जुन्या भाषेतला; दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तो कळणार नाही. पण ती चार अक्षरे ओळखता येतील की नाही? आपल्या प्रांताचे नाव परक्या लिपीत स्वतः वाचणारे मूल पुढल्या पानाकडे वळतेच.

आणखी एक गोष्ट, जी त्या मुलीने आमच्या ओसरीवर बसून समजावली. चिनी उच्चार रोमन लिपीत छापतात, म्हणून मुले ते इंग्रजीसारखे वाचतात आणि चुकतात. जेथे ‘बी’ छापलेले असते तेथे उच्चार आपल्या ‘प’जवळचा, आणि ‘पी’ असते तेथे ओठ मिटून म्हटलेल्या ‘फ’चा. म्हणून बीजिंग नव्हे, पेइचिंग! ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च हा भेद आपल्या जिभेला जन्मजात, तो तेथे कामी येतो. आपण ‘चार जण’, ‘दोन नग’ म्हणतो, तसा तेथे पुस्तकाला, घोड्याला, कागदाला मोजण्याचा निरनिराळा शब्द. अवघड राहतात ते सूर. ‘मा’ या एकाच उच्चाराचे सुराप्रमाणे आई, ताग, घोडा आणि रागावणे असे अर्थ होतात. आईला घोडा म्हटल्यावर वर्ग हसतो. हसू द्यावे, लाजलेले मूल पुन्हा तोंड उघडत नाही. हे सारे मराठीतून सांगितले, तर निम्मे भय पहिल्याच महिन्यात जाईल.

आता मूळ मुद्दा. आपल्या शिक्षणनिधीतून पहिल्या वर्षाची फी मिळते. दुसऱ्या वर्षासाठी ‘नोकरीची हमी असलेल्या विषयांस’ अशी अट आहे. अट घालणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. गरिबाच्या घरी विषयाची हौस परवडत नाही, हे आम्हीही जाणतो. तथापि ज्या वर्षी मुले गळतात त्याच वर्षी आपण हात काढून घेतो. ही मुलगी त्या दोन बाकांवर अजून बसलेली आहे. वसतिगृहाचे सहा महिन्यांचे पैसे थकले आहेत. तिचा अर्ज चिटणिसांकडे दिला आहे. तो पुढील बैठकीत वाचला जावा, आणि त्या दिवशी तिला समोर बोलावून ती चार अक्षरे फळ्यावर लिहावयास सांगावे, एवढी आमची विनंती आहे.