डब्याच्या शोधात ताम्हिणीला

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला ‘सहलीचे शैक्षणिक महत्त्व’ या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगण्यात आले आहे. या विषयावर बोलणे सोपे असते आणि ऐकणे कठीण, हे शिक्षक या नात्याने मी जाणतो. म्हणून महत्त्व बाजूला ठेवून एकाच सहलीची हकीकत सांगतो. जुलै २०२५ मधील एका रविवारी मी घरच्या मंडळींना घेऊन मुळशी तालुक्यात ताम्हिणी घाटापर्यंत जाऊन आलो. या सहलीत माझी एक चूक झाली. तीही क्रमाने येईलच.

प्रथम विरोध झाला तो घरातूनच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुले होती, हे आपणा सर्वांना आठवत असेल. प्रवाहाच्या मध्यावर ती मंडळी उभी असताना पाणी वाढले आणि परत फिरण्यास जागा राहिली नाही. तेव्हापासून आमच्या घरात धबधबा हा शब्द काढण्याची सोय नव्हती. पालकांची भीती मला समजते. पण तिचा परिणाम काय झाला? मुली घरी राहिल्या, आणि नववी-दहावीची मुले घरी न सांगता तिघे-तिघे एका मोटारसायकलवर बसून जाऊ लागली. माझ्या वर्गातील दोघांनी एका सोमवारी मला मोबाईलमधील फोटो दाखविला. दोघेही कड्याच्या टोकाशी, दरीकडे पाठ करून उभे. मी रागावलो. पण संध्याकाळी मनात आले, की पाणी कसे वागते हे या मुलांना कोणी कधी नेऊन दाखविले आहे काय? आणि माझ्या स्वतःच्या मुलांना तरी मी कोठे दाखविले आहे?

आता त्या डब्याविषयी. परदेशात एक खेळ खेळतात, त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी एक डबा लपवून ठेवावा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करावेत, आणि इतरांनी उपग्रहांच्या मदतीने तो शोधावा, असा हा खेळ आहे. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने आपल्या उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंत फरक पडत असे, तो एकदम दहा-वीस मीटरवर आला. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यातील रानात एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर दिले, आणि तीन दिवसांच्या आत दोघांनी ती शोधून काढली. डब्यातील एखादी वस्तू घ्यावी, तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी, आतल्या वहीत नाव लिहावे आणि डबा होता तसा ठेवून द्यावा, एवढेच नियम.

आता हे यंत्र प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. डोंगरात मोबाईलला रेंज नसली तरी उपग्रहांचा संकेत मिळतो. नकाशा मात्र आधी उतरवून घ्यावा लागतो. अक्षांशातील एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर आणि एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुले दरवर्षी विसरतात. (गावांचे अक्षांश-रेखांश काढण्याच्या रीतींवर अल्-बिरुनीने सन १०२५ मध्ये एक ग्रंथ पुरा केला. गझनीहून मक्केची दिशा अचूक काढणे हा त्यामागील एक हेतू होता. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.)

ताम्हिणीचे जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे, तेथे डबा ठेवणे गैर. आमच्या शाळेतील शिपाईकाकांचे गाव घाटाच्या अलीकडे आहे. त्यांच्या भावाची परवानगी घेऊन मे महिन्यात मी त्यांच्या शेताच्या दगडी बांधात घट्ट झाकणाची एक बरणी ठेवून आलो. आत वही, पेन्सिल, भिंग आणि चार गोट्या. खाऊ ठेवला नाही, कारण तो माकडांनी आणि मुंग्यांनीच आधी शोधला असता.

त्या रविवारी बंदीचा काही हुकूम नाही याची खात्री करून आम्ही फज्रच्या नमाजनंतर मेहुण्याच्या गाडीने निघालो. अम्मी, पत्नी, सातवीतील मुलगी, चौथीतील मुलगा, मेहुणा आणि मी. भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकून माल्याच्या पुढे आलो तसा मुळशीचा जलाशय दिसू लागला.

येथे गाडी थांबवून मी मुलांना एक गोष्ट सांगितली. या पाण्याखाली गावे आहेत. टाटा कंपनीच्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून येथील मावळ्यांनी १९२१ साली रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले आणि याच लढ्यातून ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. लढा १९२४ पर्यंत चालला, पण धरण झालेच. मुळा नदीचे जे पाणी पूर्वेला भीमेकडे जायचे, ते बोगद्यांतून पश्चिमेला वळविण्यात आले. सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे १९२७ पासून त्यावर वीज तयार होते आणि ते पाणी पुढे कुंडलिका नदीत जाते.

“म्हणजे रोह्याची कुंडलिका?” मुलीने विचारले. अम्मीचे माहेर रोह्याकडचे. ती ज्या नदीकाठी वाढली, त्या नदीत येथले पाणी जात होते हे तिला त्या दिवशी नातीकडून कळले. अम्मी बराच वेळ जलाशयाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आमच्याकडे उन्हाळ्यातसुद्धा नदीला पाणी असायचं. कुठून येतं ते कोणी सांगितलं नव्हतं.”

घाटातील धबधबे आम्ही सकाळी आठच्या आत, गर्दी होण्यापूर्वी, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबून पाहिले. वर्णन करीत नाही, आपण सर्वांनी पाहिले आहेत. फक्त एक गोष्ट मुलांना दाखविली. काळ्या कातळावर माती फार थोडी, त्यामुळे पडलेले पाणी मुरत नाही, सरळ धावत सुटते. वर डोंगरावर पडणारा पाऊस खालच्या माणसाला दिसत नाही. येथे ऊन असेल आणि तेथे सर कोसळत असेल. मुलांनी माना डोलावल्या. वर्गातही ती अशाच डोलावतात. चिरंजीवांचे सगळे लक्ष डब्याकडे होते.

भजी आणि चहा घेऊन आम्ही गावाशी परत आलो. फोन मुलाच्या हातात. “अब्बा, चाळीस मीटर!” असे ओरडून तो धावत सुटला आणि थबकला. बाण समोर दाखवीत होता आणि मध्ये ओढा होता.

मी डबा ठेवला तेव्हा मे महिना होता. तेव्हा त्या जागी गोट्यांचा एक कोरडा पट्टा होता आणि मी तो पायवाट समजून ओलांडला होता. ज्या माणसाने बारा वर्षे भूगोल शिकविला, त्याने तो पट्टा म्हणजे ओढ्याचे पात्र आहे हे ओळखले नाही. एवढ्यावरही थांबलो असतो तर बरे झाले असते. पाणी स्वच्छ होते, गुडघ्याएवढे होते, वर ऊन पडले होते. मीच म्हणालो, “हात धरा एकमेकांचे, चार पावलांत पलीकडे जाऊ.” मुलगा तर एका दगडावर जाऊन उभाही राहिला.

मुलगी नकाशा पाहत होती. ती म्हणाली, “अब्बा, मागे रस्त्यावर मोरी आहे. तिकडून वळसा घेतला तर ओढा लागतच नाही.” मी म्हणालो, “अगं, अर्धा किलोमीटर जास्त पडेल.” तेवढ्यात काठावरून अम्मीचा आवाज आला, “अरे, पाण्याचा रंग बघ. वर पाऊस लागलाय.” पाहतो तो काचेसारखे पाणी चहाच्या रंगाचे होऊ लागले होते आणि त्यातून काटक्या, पाने वाहत येत होती. पत्नीने एक शब्द न बोलता मुलाचे मनगट धरून त्याला काठावर ओढले. त्या धरण्याचा वळ संध्याकाळपर्यंत त्याच्या हातावर होता.

आम्ही रस्त्याने चालत मोरीवर पोहोचलो, तोवर दहा-बारा मिनिटे गेली असतील. तेथून ती जागा दिसत होती. ज्या दगडावर मुलगा उभा होता तो दगड दिसत नव्हता. आमच्या डोक्यावर तेव्हाही ऊन होते. कोणी काही बोलले नाही. मेहुणा माझ्याकडे पाहत होता आणि मी पाण्याकडे.

पालकहो, त्या ठिकाणी मला कळले, की तो आकडा खोटा नव्हता. अंतर चाळीस मीटरच होते. पण आकड्याला मे आणि जुलै यांतील फरक कळत नाही. तो अम्मीला कळला, कारण ती नदीकाठी वाढलेली. पलीकडे जायला दुसरी वाट आहे हे मुलीला कळले, कारण ती नकाशा वाचायला शिकली होती. आपण ज्या मुलींना भीतीपोटी घरी ठेवतो त्यांतली ही एक, आणि त्या दिवशी तिच्या बापापेक्षा ती शहाणी निघाली. हे व्यासपीठावरून कबूल करताना मला संकोच वाटत नाही.

पलीकडे भातलावणी चालू होती. झाडाखाली फोनचा बाण डळमळू लागला. कधी सहा मीटर दाखवी, कधी चौदा. शेवटी मुलाने फोन खिशात घातला आणि बांधाचा एक-एक दगड चाचपत बरणी शोधून काढली. त्याने भिंग घेतले आणि स्वतःचे होकायंत्र आत ठेवले. व्यवहार तोट्याचा होता, पण त्याला ते पटत नव्हते. मुलीने वहीत तारीख, वेळ आणि सर्वांची नावे लिहिली. अम्मीचे नाव सर्वांत वर. खाली लिहिले : “पावसाळ्यात सरळ येऊ नये. मोरीवरून यावे.”

दुपारी दोनच्या आत आम्ही घरी होतो. दिवाळीच्या सुटीत मी एकटा जाऊन ती बरणी ओढ्याच्या अलीकडच्या बांधात हलवून आलो, शेतमालकांना विचारूनच. वहीत अजून पुष्कळ पाने कोरी आहेत. ज्या विद्यार्थ्यांना तेथे जायचे असेल, त्यांनी आकडे माझ्याकडून घ्यावेत. मात्र घ्यायला येताना वडिलांना किंवा आईला बरोबर आणावे, आणि घरात बहीण असेल तर तिलाही. एकट्या मुलाला मी ते देणार नाही.